दोन्ही रस्त्यांची मोटारसायकल

गावोगावचे आठवडी बाजार करणारे आपले बांधव कच्च्या रस्त्यांनी बेजार असतात. डांबर आणि माती दोन्हींवर चालणाऱ्या मोटारसायकलीचा त्यांना मोह पडणे साहजिक आहे. हिरो कंपनीने २०११ साली इम्पल्स काढली, ती फारशी चालली नाही; २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आणली. हिचे पुढचे चाक २१ इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच. साध्या स्प्लेंडरचे १६५. दगड-खड्ड्यांची धास्ती राहत नाही. दिवे, आरसे, इंडिकेटर असल्याने आर.टी.ओ.त रीतसर नोंदणी होते. निव्वळ शर्यतीच्या गाडीची होत नाही.

मात्र बैठक ८२३ मिलिमीटर! बुटक्या माणसाचे पाय नीट टेकत नाहीत, आणि मागे कापडाचा गठ्ठा बांधला की वजनही उंचावर बसते. थांबताना गाडी कलंडण्याची भीती. आमच्या मते खरी अडचण हीच. खोल नक्षीचे टायर डांबरावर लवकर झिजतात, पेट्रोलही शंभर सीसीपेक्षा जास्त लागते. रोज वीस किलोमीटर डांबर आणि एकच कच्चा असेल, तर साधी गाडीच परवडते. घेण्याआधी गठ्ठ्यासह चालवून पाहावी, आणि सुटे भाग तालुक्याला मिळतात का, हे आपल्या मिस्त्रीला विचारावे.