पिकअपला पाटे वाढवताय? आधी गाडी मोजा, मग गॅरेज गाठा

टोमॅटोचा हंगाम लागला की दिंडोरी, चांदवड, निफाड या पट्ट्यातून पिंपळगाव बसवंतच्या मार्केटकडे पिकअपच्या रांगा लागतात. हंगामाच्या तोंडावर गॅरेजवर एक काम हमखास निघतं, ते म्हणजे मागच्या बाजूला दोन-दोन पाटे वाढवणं. गाडी मागून बसते, दोन पाटे टाकले की झालं, असा सरळ हिशोब असतो. काम अर्ध्या दिवसाचं, पण त्याचा परिणाम मालावर आणि ब्रेकवर वर्षभर राहतो.

गाडी मागून बसण्याची कारणं तीन. पाट्याची कमान उतरलेली असते, एखादा पाटा तुटलेला असतो, नाहीतर माल पासिंगपेक्षा जास्त असतो. यातल्या एकालाही पाटा वाढवणं हे औषध नाही. कमान उतरली म्हणजे पाटा मऊ पडला असं बरेच जण समजतात. तसं नाही. जुना पाटा चपटा होतो, गाडीची उंची जाते, पण त्याचा कडकपणा जवळपास तेवढाच राहतो. त्याला पुन्हा कमान देऊन घ्यावी किंवा सेट बदलावा. कमान देताना मात्र गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकणाऱ्यापासून लांब राहावं. पोलादाचं पाणी उतरतं आणि तोच पाटा पुढे भर रस्त्यात तुटतो.

आता कडकपणाचं गणित. हे घरी करता येतं. लागते फक्त मोजपट्टी आणि गावाजवळचा वजनकाटा. रिकामी गाडी सपाट जागेवर उभी करून मागच्या चाकाच्या मध्यापासून वरच्या बॉडीच्या कडेपर्यंत अंतर मोजायचं. काट्यावर फक्त मागची चाकं चढवून वजन घ्यायचं. मग माल भरून दोन्ही पुन्हा मोजायचं. समजा मागच्या चाकांवर 1300 किलो वाढले आणि बॉडी 65 मिलिमीटर खाली आली, तर दोन्ही बाजूंचे पाटे मिळून एका मिलिमीटरला 20 किलो घेतात. हा त्या गाडीचा कडकपणा.

समजा बाजूला सात पाटे आहेत आणि त्याच जाडीचे, जवळपास तेवढ्याच लांबीचे दोन वाढवले. कडकपणा 20 वरून साधारण 26 वर जातो. मग 1300 किलोला गाडी 65 ऐवजी 50 मिलिमीटर बसेल. म्हणजे एवढा खर्च करून वाचला दीड सेंटिमीटर. गाडी त्याहून जास्त उचललेली दिसत असेल, तर ती नव्या पाट्याच्या कमानीमुळे.

जाडीचं गणित याहून बेरकी आहे. कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. 8 मिलिमीटरच्या जागी 10 मिलिमीटरचा पाटा टाकला, तर तो एकटा जवळपास दोन पाट्यांचं काम करतो. भंगारातून ट्रकचा जाड पाटा कापून पिकअपला लावणारे इथेच फसतात.

कडकपणा वाढला की बिघडतं काय? वर बसलेल्या वजनाने स्प्रिंग जितकी दबते, त्यावर गाडी सेकंदाला किती हेलकावे खाणार ते ठरतं. दबलेलं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि 5 ला त्याने भागायचं. वरच्या गाडीत रिकाम्या बॉडीचं 400 किलो पाट्यांवर धरलं, तर माल भरल्यावर 1700 किलोला पाटे साडेआठ सेंटिमीटर दबतात आणि हेलकावे येतात सेकंदाला 1.7. आरामशीर कारमध्ये हा आकडा एक ते दीड असतो, त्यामुळे मालगाडीला 1.7 ठीकच. रिकाम्या गाडीत तोच आकडा साडेतीनवर जातो. दोन पाटे वाढवले की भरलेली दोनजवळ आणि रिकामी चारवर.

पण सगळ्याच खेपा भरलेल्या कुठे असतात? पहिल्या तोड्याला 20-25 क्रेटच निघतात. त्या दिवशी हीच गाडी जवळपास रिकाम्यासारखी उडते. फळी खाली जाते तेव्हा वरच्या क्रेटमधला टोमॅटो क्षणभर अधांतरी राहतो आणि पुन्हा आपटतो. खालच्या थराला वरच्याचा भार असतो, त्यामुळे हा मार जास्त करून वरचा थर खातो, त्यातही मागच्या ॲक्सलच्या पलीकडे लटकलेला माल. लाल झालेला माल असेल तर मार्केटला पोचेपर्यंत त्याला पाणी सुटतं, आणि दर पाडताना व्यापारी तेच बोट ठेवून दाखवतो. थोडा माल असेल तर तो ॲक्सलच्या पुढे, केबिनकडे लावावा.

कारवाल्या पोरांचंही तेच. गाडी खाली दिसावी म्हणून कॉइल स्प्रिंगचा वेढा कापतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग उलट कडक होते. शहरात रस्त्यावर स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यालाही हाच निवाडा करावा लागतो, वळणावर गाडी झुकू नये एवढी कडक, खड्ड्यात चाक जमीन सोडणार नाही एवढी मऊ.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ब्रेकची, आणि गॅरेजवर तिची चर्चा क्वचितच होते. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून चासीपर्यंत एक दांडी आणि तिला जोडलेला व्हॉल्व्ह असतो. गाडी बसली की दांडी फिरते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. गाडी उचललेली असली की व्हॉल्व्ह समजतो गाडी रिकामी आहे, आणि दाब कमी सोडतो. पाटे वाढवून गाडी वर उचलली की भरल्या गाडीतही मागचे ब्रेक निम्म्या ताकदीने लागू शकतात. सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, घाटात ते तापतात, गाडी थांबायला लांब जाते. म्हणून पाट्याचं कुठलंही काम केलं की ही दांडी कंपनीच्या मापाने पुन्हा सेट करून घ्यावीच.

पाटे वाढवल्याने पासिंग वाढत नाही हेही खरं. बेअरिंग, टायर, ॲक्सल, ब्रेक जुनेच राहतात. दीड टन पासिंगच्या गाडीत क्रेटसकट 22 किलो धरले तर 68 क्रेट बसतात, 100 नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 प्रमाणे ओव्हरलोडला 20 हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार. आणि कंपनीच्या मापापेक्षा वेगळा बदल केला असेल तर कलम 52 आडवं येतं.

मग करायचं काय? आधी पाटे खोलून बघा, तुटलेला किंवा चपटा आहे का. सेट धड असेल, माल पासिंगइतकाच भरला असेल आणि तरीही ॲक्सल वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळत असेल, तरच पुढचा विचार. तेव्हाही सरसकट पाटे वाढवण्यापेक्षा हेल्पर पाटा बरा. तो रिकाम्या गाडीत टेकत नाही, माल भरल्यावरच कामाला लागतो. तो आपल्या मॉडेलसाठी कंपनी देते का, हे आधी डीलरकडे विचारावं. स्प्रिंग कडक झाली की जुना शॉकअप तिला आवरायला कमी पडतो, तोही तपासून घ्यावा. काम झाल्यावर पहिल्या दोन-तीन भरलेल्या खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, नवे पाटे बसत जातात तसे ते ढिले होतात.