मागे ओढायच्या गाडीचं दशक

आमची 2014 सालची होंडा सीआर-व्ही नुकतीच विकली. मोटरहोमच्या मागे चारही चाकांवर ओढता येईल अशी दुसरी गाडी हवी होती. शोरूममधला विक्रेता छातीठोकपणे म्हणाला, "कुठलीही ओढा." त्यानं दाखवलेल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत मात्र साफ मनाई होती. हे फार लागलं.

अमेरिकेत मोटरहोम घेऊन हिंडायचं तर छोटी गाडी सोबत हवीच. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर घाटाच्या टप्प्यात 21 फुटांहून लांब वाहनाला बंदी आहे. चाकांवरचं घर खाली तळावर ठेवूनच वर जावं लागतं.

नव्वदच्या दशकापर्यंत निवड सोपी होती. मॅन्युअल गिअरची हलकी सुझुकी सामुराई किंवा जिओ ट्रॅकर घ्या, न्यूट्रलला टाका, निघा.

खरे सुखाचे दिवस 2005 ते 2014. बहुतेक ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये गिअरबॉक्सचं तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरत राहिली, की आतले भाग कोरडे पडून जळतात. होंडाच्या ऑटोमॅटिकची रचना मॅन्युअलसारख्या समांतर शाफ्टांची, म्हणून सीआर-व्ही ओढता येई. निघण्यापूर्वी इंजिन चालू करायचं, लिव्हर काही सेकंद डीवर, मग न्यूट्रल, तीन मिनिटं थांबून इंजिन बंद. वेग ताशी 65 मैलांच्या आत. सॅटर्नच्या छोट्या गाड्याही अशाच गुणी होत्या. 2010 मध्ये तो ब्रँडच मिटला. त्याची हळहळ अजून वाटते.

डॉलीवाल्यांशी तेव्हा माझे वाद होत. ओढायच्या गाडीची पुढची दोन चाकं डॉलीवर, म्हणजे दोनचाकी छोट्या गाड्यावर, चढवली की काम स्वस्तात होतं, हे खरं. पण भर पावसात पट्टे आवळायचे आणि तळावर रिकामी डॉली ठेवायला जागा शोधायची, हे कोण करणार? ट्रेलरवर कुठलीही गाडी चढते, मात्र त्याचंच वजन हुकची मर्यादा खाऊन टाकतं. आणि मागच्या गाडीला वेगळे ब्रेक न लावता "मोटरहोमचे पुरतात" म्हणणाऱ्यांना मी तेव्हाही बेजबाबदार म्हणत असे, आजही म्हणतो.

2015 मध्ये सीआर-व्हीला सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, गिअरबॉक्स आला आणि चारही चाकांवर ओढण्याची परवानगी गेली. सुझुकीनं अमेरिकेतला मोटारविक्रीचा गाशा त्याआधीच गुंडाळला होता. टेस्लाची तर चारही चाकं जमिनीवरून उचलावी लागतात. उरली मुख्यतः जीप रँग्लर आणि ट्रान्सफर केसला (चारही चाकांना शक्ती वाटणाऱ्या भागाला) न्यूट्रल असलेले काही मोठे पिकअप. दणकट खरे, पण पेट्रोलला खादाड आणि गुडघे दुखणाऱ्यांना चढायला उंच. पेट्रोल वाचवण्यासाठी कंपन्यांनी गिअरबॉक्स बदलले, हे समजतं. आमचा विचार मात्र कुणीच केला नाही.

म्हणून गाडी घेणाऱ्यांना कळकळीनं सांगतो: विक्रेत्याच्या तोंडी खात्रीवर जाऊ नका. त्याच सालची, त्याच गिअरबॉक्सची माहितीपुस्तिका मागा आणि ओढण्याचं पान वाचा. परवानगी स्पष्ट लिहिलेली नसेल, तर सही करू नका.