नकाशा काढताना वेळ कुठे जातो?

खानापूर तालुक्यातील गावांची नावे मराठीत दाखवणारा नकाशा आमचे विद्यार्थी दोन सुट्ट्या करत होते. लेखन पायथॉनमध्ये, चित्र काढणारी यंत्रणा मॅपनिक. नकाशा फार सावकाश निघे. “सर, पायथॉन सोडून सगळं सी प्लस प्लसमध्ये लिहू या,” असे एकाने सुचवले. मी जवळजवळ होकार दिलाच होता. पण मुलांनी केलेले सगळे वाया गेले असते, म्हणून आधी मोजून पाहायचे ठरवले.

सी प्लस प्लसमधला मजकूर आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवलेला, म्हणजे संकलित असतो. पायथॉनचा अर्थ चालता चालता लावला जातो. म्हणून पायथॉन मंद, हे खरेच. पण मॅपनिक स्वतः सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले आहे. पायथॉनला त्याच्याशी बोलता यावे म्हणून मध्ये ‘बाइंडिंग’ असते. बाइंडिंग म्हणजे दुभाषी. आम्हा सीमाभागातल्यांना दुभाषी वेगळा समजावून सांगायला नको. कचेरीत अख्खा अर्ज एकदाच समजावून दिला तर त्याचा वेळ जाणवत नाही. शब्दाशब्दाला हाक मारली तर दिवस जातो.

पायथॉन एवढेच सांगते: ही शैलीची फाइल घे, हा भाग घे, चित्र काढ. नदीची रेघ गुळगुळीत करणे, नावावर नाव चढू न देणे, जोडाक्षरे जुळवणे हे सारे पलीकडे होते. ‘क्षि’मधली वेलांटी संगणकात शेवटी साठवली जाते, पण दिसते आधी. मॅपनिकच्या तिसऱ्या आवृत्तीत हे काम हार्फबझ करते, आणि तेही संकलितच.

आम्ही तीच शैली, तीच माहिती, तोच 256 पिक्सेलचा चौकोन घेऊन दोन्ही बाजूंनी अनेकदा चित्र काढले. पहिली फेरी सोडून दिली, कारण तेव्हा फाइली डिस्कवरून स्मृतीत येत असतात. दोन्ही भाषांतला फरक फेऱ्याफेऱ्यांतल्या चढउतारात बुडून गेला.

मग उशीर कशाने? आम्ही प्रत्येक चौकोनासाठी पायथॉन नव्याने सुरू करत होतो आणि शैलीची फाइल पुन्हा वाचत होतो. गावांच्या सीमांच्या शेपफाइलला सूची नव्हती. एका कोपऱ्यासाठी सगळी फाइल चाळली जाई. पायथॉनचा खरा दोष एकाच जागी सापडला. लोकसंख्येनुसार रंग देण्यासाठी मुलांनी गावागावाला थांबणारे आवर्तन लिहिले होते. शब्दाशब्दाला दुभाषी! तो नियम शैलीच्या फाइलीत टाकला, की निवड पलीकडेच होते.

साऱ्या जगाचा नकाशा करणाऱ्यांची गोष्ट निराळी. बाराव्या पातळीवर 1,67,77,216 चौकोन होतात; तिथे चौकोनामागे वाचलेला क्षणही मोठा. आमचा एकच तालुका.

पायथॉन राहिले. नकाशा आता चहा येईपर्यंत निघतो, आणि मुले गावोगावी फिरून नावांची शुद्ध रूपे विचारत आहेत. त्याला मात्र अजून एक सुट्टी लागेल.