सरपण वेचणं गुन्हा कसा ठरला?

जंगलात गळून पडलेल्या वाळक्या काटक्या गोळा करणं हा जर्मनीतल्या ऱ्हाइन प्रांतातल्या गरिबांचा जुना रिवाज. पुढे तीच चोरी ठरू लागली. 1842 मध्ये तरुण कार्ल मार्क्सने यावर वृत्तपत्रात लेख लिहिले. कायदा इथे जंगलमालकाच्या चाकरीला जुंपला आहे, हा त्याचा आक्षेप. गुन्हा कोणी केला हे विचारण्याआधी, तो गुन्हा आहे असं ठरवलं कोणी, हे विचारा: गुन्ह्याविषयीच्या मार्क्सवादी मांडणीचं सगळं बळ या प्रश्नात आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ विल्यम चॅम्ब्लिस यांनी 1964 मध्ये हाच धागा मागे, चौदाव्या शतकातल्या इंग्लंडपर्यंत नेला. प्लेगने माणसं मेली, मजूर मिळेनात, मजुरी वाढू लागली. तेव्हा काम सोडून भटकणं बेकायदा ठरलं. चॅम्ब्लिस यांच्याआधी डच अभ्यासक विलेम बोंगर यांनी भांडवलशाही माणसाला स्वार्थी बनवते आणि त्यातून गुन्हे घडतात, असं मांडलं होतं. हे मला जरा सोपं वाटतं. समाजवादी देशांतही गुन्हे होतेच, आणि नवऱ्याच्या मारहाणीचं कारण केवळ वर्गात सापडत नाही, हे स्त्रीवाद्यांचं म्हणणं खोडता येत नाही.

सर्वांत झोंबरी टीका मात्र घरातूनच आली. 1973 मधल्या ‘द न्यू क्रिमिनॉलॉजी’ या गाजलेल्या मार्क्सवादी पुस्तकाचे सहलेखक जॉक यंग यांनी 1984 मध्ये जॉन ली यांच्यासोबत डाव्यांनाच सुनावलं: चोराला बंडखोर समजू नका, त्याने लुटलेलं घर बहुतेकदा दुसऱ्या गरिबाचंच असतं.