नावापुरती मालकीण

२०२४ सालची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. ऑफिसात फारशी गर्दी नव्हती. एक बाई दाराशीच घुटमळत उभी होती. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद.

"मॅडम, ओळखलंत का? आमच्या दुकानाचे कागद तुम्हीच केले होते."

मला काही आठवेना. आठवणार तरी कसं? मी तिला कधी पाहिलंच नव्हतं. तिचं नाव मात्र मी किती तरी वेळा लिहिलं होतं.

२००६ साली तिचे यजमान माझ्याकडे आले होते. पाइप आणि पाण्याच्या मोटारीच्या सामानाचं दुकान टाकायचं होतं. पतसंस्थेचं जुनं कर्ज थकल्यामुळे बँक त्यांना दारात उभं करेना. "मिसेसच्या नावावर करून टाका," ते म्हणाले. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्या वर्षांत बायकांना आयकरात थोडी जास्त सूट होती. २००५-०६ मध्ये पुरुषांना एक लाखापर्यंतचं उत्पन्न करमुक्त, तर बायकांना एक लाख पस्तीस हजारांपर्यंतचं. (ही वेगळी सूट २०१२-१३ पासून बंद झाली.) त्यामुळे अनेक दुकानांच्या पाट्यांवर तेव्हा घरच्या लक्ष्मीचं नाव चढलं. फॉर्म तयार केले, जिथे सही हवी तिथे पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि कागद यजमानांच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी सह्या होऊन परत आले. काम झालं!

त्या फुल्यांवर सही करणारी बाई अठरा वर्षांनी माझ्यासमोर बसली होती.

लॉकडाउननंतर दुकान रखडत चाललं आणि २०२३ मध्ये बंद पडलं. हिशेब त्यांनी मधल्या काळात दुसरीकडे नेले होते. यजमान पुण्याला एका गोडाउनवर नोकरीला लागले. शटर खाली ओढलं की सगळं मिटलं, अशी त्यांची समजूत. पण जीएसटीचा नंबर कुणी रद्दच केला नव्हता. आणि माल देणाऱ्या व्यापाऱ्याकडे तिच्या सहीचा एक कोरा चेक तारण म्हणून पडून होता. त्यावर त्याने साडेचार लाखांचा आकडा घातला, चेक बँकेत टाकला, तो परत आला आणि वकिलाची नोटीस तिच्या नावाने घरी आली.

"मॅडम, मी त्या दुकानात डबा द्यायलासुद्धा चार वेळा गेले नसेन. मग मी कशी काय गुन्हेगार?"

हा प्रश्न ऐकला आणि मला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. कारण त्याचं उत्तर मी तिला २००६ मध्येच द्यायला हवं होतं.

मैत्रिणींनो, एकट्याच्या मालकीचा धंदा, ज्याला आम्ही प्रोप्रायटरशिप म्हणतो, त्यात दुकान वेगळं आणि मालक वेगळा असं काही नसतं. पाटीवर नाव काहीही असो, कायद्याच्या दृष्टीने दुकान म्हणजेच तुम्ही. दुकानाचं पॅन म्हणजे तुमचं पॅन. दुकानाचं कर्ज फिटलं नाही तर वसुली फक्त दुकानातल्या मालावर थांबत नाही, तुमच्या नावावरचं शेत, घर, ठेव, सोनं इथपर्यंत येऊ शकते. कोर्टाच्या जप्तीतून कपडे, भांडी आणि रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने वगळलेले आहेत. म्हणजे मंगळसूत्र वाचेल. पाटल्या-बांगड्यांचं सांगता येत नाही.

चेकचंही तसंच. चेक परत गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. "आकडा मी लिहिलाच नव्हता" एवढं म्हणून सुटका होत नाही. आपणहून सही करून दिलेला चेक कोरा असला आणि बाकीचा तपशील दुसऱ्याने भरला, तरी तो देण्यापोटीच दिला होता असं कोर्ट धरून चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. देणं नव्हतंच, हे मग आपल्याला सिद्ध करावं लागतं. नोटीस हातात पडल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस मिळतात. ही बाई नवव्या दिवशी आली होती. आठ दिवस तिने ती नोटीस तांदळाच्या डब्यामागे ठेवली होती, सासूबाईंना दिसू नये म्हणून.

आता दुसरी गोष्ट सांगते, ती अगदी उलटी.

आमच्याच गावात एक काकू आहेत. उन्हाळ्यात पापड-कुरडया, दिवाळीत भाजणी-चकली, बारा महिने काळा मसाला. पहाटे चारला उठून भट्टी पेटवतात. हाताखाली चार बायका. पण गिऱ्हाईक पैसे पाठवतं ते मुलाच्या मोबाइलवर, बँकेचं खातं काकांचं आणि रिटर्नही काकांचं. मसाल्याच्या डंकासाठी काकू कर्ज मागायला गेल्या तेव्हा बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "तुमचं स्वतःचं उत्पन्न काय?" काकूंना उत्तर देता येईना. कागदावर त्यांचं उत्पन्न शून्य!

एकीचं नाव आहे, काम नाही. दुसरीचं काम आहे, नाव नाही. माझ्या ऑफिसात या दोघी वेगवेगळ्या वेळी येतात, पण मला त्या जावा-जावाच वाटतात. दोघींच्याही घरात कुणी वाईट वागलेलं नाही. "तुला काय करायचंय त्यातलं, मी आहे ना," एवढंच कुणीतरी प्रेमाने म्हटलेलं असतं आणि हिनेही ते प्रेमाने ऐकलेलं असतं. पण कागदाला प्रेम कळत नाही. त्याला फक्त सही कळते.

म्हणून आज दोन्ही प्रकारच्या मैत्रिणींसाठी थोडं कामाचं बोलू या.

तुमच्या नावावर धंदा असेल, किंवा आहे की नाही हेच ठाऊक नसेल, तर आधी तीन गोष्टी पाहा. मोबाइलवरही दिसतात, पैसे लागत नाहीत. पहिली, जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तुमचा पॅन नंबर टाकून शोधा. त्या पॅनवर किती नोंदण्या आहेत आणि चालू आहेत की रद्द, ते कळतं. दुसरी, आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या नावाने लॉगिन करून वार्षिक माहितीपत्रक, म्हणजे एआयएस, उघडा. तुमच्या पॅनवर नोंदलेलं व्याज, मोठे व्यवहार, कापलेला कर, सगळं तिथे असतं. लॉगिनचा पासवर्ड यजमानांकडे किंवा आमच्यासारख्या सल्लागाराकडेच असेल तर तो मागून घ्या. तो तुमचाच आहे. तिसरी, कर्जाचा अहवाल, ज्याला सगळे सिबिल म्हणतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे २०१७ पासून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तुम्ही कुठे कर्जदार आहात, कुठे जामीनदार, ते त्यात दिसतं.

दुकान बंद केलं तर जीएसटी नोंदणी रद्द करायचा अर्ज द्यायचा आणि ती रद्द झाल्यावर तीन महिन्यांत शेवटचं विवरणपत्र भरायचं. शटर पडलं तरी नोंदणी चालू असते, आणि न भरलेल्या विवरणपत्रांवर लेट फी चढत राहते. कर बाकी असेल तर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं.

आणि कर वाचेल म्हणून बायकोच्या नावावर धंदा टाकणाऱ्यांना एक सांगून ठेवा. भांडवल नवऱ्याने तसंच दिलं असेल, तर त्या प्रमाणातला नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. १९६१ च्या आयकर कायद्यात हे होतं, २०२५ च्या नव्या कायद्यातही आहे. म्हणजे कर वाचत नाही आणि जबाबदारी मात्र बाईच्या गळ्यात पडते.

आता काकूंसारख्यांसाठी. आधी स्वतःच्या नावाचं बँक खातं, आणि गिऱ्हाइकाचे पैसे त्याच खात्यात. साधी दोनशे पानी वही घाला. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. घरातून घेतलेलं तेल-डाळही लिहा आणि घरात वापरलेला मसालाही. उद्यम नोंदणी २०२० पासून ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे, त्यासाठी कुणी हजार-दोन हजार मागितले तर देऊ नका. विक्री मर्यादेत असेल तर छोट्या धंद्याला सरसकट पद्धतीने रिटर्न भरता येतं, विक्रीच्या ८ टक्के (बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के) नफा धरून. कर शून्य निघाला तरी रिटर्न भरा. दोन-तीन वर्षांची रिटर्न्स हाताशी असली की बँकेतल्या त्या प्रश्नाला उत्तर तयार असतं.

नावावर काही घेऊच नका, असं मी मुळीच म्हणत नाही. घर बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती जरूर घ्या. फक्त नाव येतं तिथे माहितीही आली पाहिजे.

पहिलीच्या गोष्टीचं पुढे काय झालं? त्या व्यापाऱ्याकडे आम्ही दोघी वकिलांना घेऊन गेलो. निम्मी रक्कम लगेच, निम्मी हप्त्याने, असं लेखी ठरलं. लगेचच्या रकमेसाठी तिच्या पाटल्या गेल्या. थकलेली जीएसटीची विवरणपत्रं लेट फीसकट भरली, नोंदणी रद्द केली. मी माझी फी घेतली नाही. त्यात मोठेपणा काही नाही, ते २००६ चं देणं होतं.

रद्द करायच्या अर्जावर सही घ्यायची होती. सवयीने मी पेन्सिलीने फुली मारली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने पेन उचललं, मग परत खाली ठेवलं.

"मॅडम, आधी वाचून दाखवा ना, काय लिहिलंय ते."

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. आता माझ्या ऑफिसात बाईची सही घरी पाठवून आणली जात नाही. तिनेच यायचं, बसायचं, ऐकायचं. वेळ जातो खरा. पण जाऊ दे.