हृदयपेशीतील कॅल्शियमची पेढी

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातील वैद्य सिडनी रिंगर 1882 च्या सुमारास बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत होते. शरीरापासून वेगळे केलेले हृदय मिठाच्या द्रावणात बराच काळ धडधडत राही. पुढे उलगडा झाला की, ते द्रावण ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात तयार केले गेले होते. शुद्ध पाण्यातील द्रावण वापरताच स्पंदने क्षीण होत जाऊन थांबली. नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा अल्पसा अंश हृदयाला चालवीत होता, हे रिंगर यांनी 1883 साली प्रसिद्ध केले. अहिंसा मानणाऱ्या मनाला ही प्रयोगपद्धती टोचते, हे खरेच. परंतु हृदयरोगावरील पुष्कळ औषधांचे मूळ या शोधापर्यंत जाते.

हृदयाच्या स्नायुपेशीबाहेर कॅल्शियम विपुल असते. विश्रांतीच्या क्षणी पेशीच्या आतील मोकळ्या द्रवात मात्र ते बाहेरच्या सुमारे दहा हजारांश एवढेच असते. पेशीच्या आतच एक बंदिस्त जालिका आहे आणि कॅल्शियमचा खरा साठा तिच्यात असतो. शास्त्रीय भाषेत तिला सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणतात. येथे तिला पेढी म्हटले तर व्यापारी वाचकाला व्यवहार लवकर समजेल.

विद्युत्‌लहर पेशीवरून गेली की बाह्य पटलातील सूक्ष्म द्वारे उघडतात आणि थोडे कॅल्शियम आत येते. तेवढ्याने जोरदार आकुंचन होत नाही. ते कॅल्शियम म्हणजे दुकानातून पेढीकडे पाठविलेली चिठ्ठी होय. चिठ्ठी पोहोचली की पेढीचे दार उघडते आणि मोठी थैली मोकळी होते. हे कॅल्शियम ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनसमूहाला चिकटते, स्नायूंचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि हृदय आवळले जाते. ट्रोपोनिनचा शोध जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी 1960 च्या दशकात लावला. हृदयविकाराच्या झटक्याची शंका आली असता रक्तात तपासतात ती प्रथिने याच समूहातील. बेडकाच्या हृदयपेशीत ही पेढी फारच लहान असते, जवळजवळ सर्व माल बाहेरूनच येतो; म्हणूनच रिंगर यांच्या द्रावणातील उणीव इतकी ठळक दिसली.

आकुंचनाइतकेच महत्त्व परतफेडीला आहे, आणि सामान्यतः दुर्लक्ष होते ते याच बाजूकडे. मोकळे झालेले कॅल्शियम परत ओढून घेणारे पंप पेढीच्या भिंतीत असतात. मानवी हृदयात सुमारे 70 टक्के कॅल्शियम पेढीत परत जाते; उरलेले मुख्यतः सोडियमच्या बदल्यात पेशीबाहेर टाकले जाते. ठोक्याला बाहेरून जेवढे आले तेवढेच बाहेर गेले पाहिजे, नाही तर रोजमेळ चुकतो. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हा हिशेब बिनचूक मिटतो. या पंपांना ऊर्जा लागते. म्हणजे हृदयाचे सैल होणे हीदेखील मेहनतच आहे. डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचा रक्तपुरवठा मुख्यतः या सैल अवस्थेतच मिळतो. जिना चढताना किंवा भीती वाटताना ॲड्रेनलिन पंपावरील एक रोध दूर करते. पेढी लवकर व अधिक भरते आणि पुढील ठोका जोरकस पडतो.

निकामी होत चाललेल्या हृदयात अनेकदा हे पंप मंदावतात आणि पेढीची दारे गळू लागतात. साठा घटला की आकुंचन दुबळे होते. परतफेड रेंगाळली की हृदय पुरते सैल होत नाही, कप्पे नीट भरत नाहीत आणि थोड्या चालण्यानेही धाप लागते.

विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने 1785 साली डिजिटॅलिस वनस्पतीच्या पानांचा उपयोग ग्रंथरूपाने मांडला. कारण कळायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली. हे औषध पेशीचा सोडियम पंप मंद करते, त्यामुळे कॅल्शियम बाहेर टाकण्याचा व्यवहार ढिला पडतो आणि पेढीत शिल्लक वाढते. मात्र पेढी प्रमाणाबाहेर भरली तर ती वेळीअवेळी सांडते आणि ठोके अनियमित होतात. डिगॉक्सिनच्या मात्रेबाबत डॉक्टर इतके काटेकोर असतात ते यासाठीच. पंपाचे जनुकच हृदयात पोहोचविण्याचा प्रयत्नही झाला. 250 रुग्णांवरील त्या चाचणीचा निष्कर्ष 2016 साली प्रसिद्ध झाला आणि अपेक्षित लाभ दिसला नाही. कागदावर निर्दोष वाटणारी योजना देहात उतरेलच असे नाही.

घरोघरी यावरून एक गैरसमज संभवतो. दूध वा कॅल्शियमच्या गोळ्या अधिक घेतल्याने ही पेढी भरत नाही. रक्तातील कॅल्शियम गळ्याजवळील सूक्ष्म ग्रंथी ठरावीक मर्यादेत राखतात. कमी पडले तर हाडांतून उचल होते. उलट, रक्तदाबासाठी दिलेले ॲम्लोडिपिन कॅल्शियम रोधक म्हणवले जाते म्हणून कोणी दूध सोडू नये. ते औषध मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतील द्वारे रोखते; ताटातील कॅल्शियमशी त्याचे भांडण नाही.