रात्री अकराच्या आत

बहुतेक म्युच्युअल फंड योजनांची एनएव्ही रोज रात्री ११ च्या आत ॲम्फीच्या संकेतस्थळावर चढवावी लागते. शेअर बाजार बंद होतो दुपारी ३.३० ला. मधल्या वेळात भावांची फाइल उतरवणे, सौदे जुळवणे, खर्च वजा करणे, उरलेल्या मालमत्तेला युनिटांनी भागणे, ही कामे शेड्युलर एकामागून एक लावून देतो.

आपल्या लॅबमधला क्रॉन फक्त घड्याळ बघतो. सातला चालव म्हटलं की सातला चालवणार, फाइल आली असो वा नसो! (सर्व्हर यूटीसीवर असेल तर साडेपाच तासांचा घोळ वेगळाच.) म्हणून इथे 'आधीचं काम नीट संपलं तरच पुढचं' अशी साखळी बांधतात.

काम बंद पडलं तर लाल दिवा लागतो, कुणाला तरी फोन जातो. खरी भीती हिरव्या दिव्याची. कालचीच फाइल पुन्हा आली, प्रोग्रॅम बिनतक्रार चालला, की एनएव्ही चुकली आणि लोकांना चुकीच्या भावाने युनिट्स! त्यासाठी फाइलमधली तारीख, ओळींची संख्या, भाव जराही न हललेले शेअर किती, हे प्रोग्रॅमकडूनच तपासून घेतात. सुट्टीला मात्र फाइल न येणंच बरोबर. आणि लक्ष्मीपूजनाला बाजार एरवी बंद, पण तासभर मुहूर्ताचे सौदे होतात. तेही वेळापत्रकात आठवणीने घालावे लागतात.